सावलीला पाणी

त्या सकाळी सरांनी अंजिराला पाणी घातलं होतं की नाही, इथूनच या गोष्टीची पंचाईत सुरू होते. सरांना विचारावं, तर ते चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात आणि म्हणतात, "घातलं असावं. निदान घातल्याची आठवण आहे. पण ती आठवण आहे की नुसतंच मनात आलेलं काही, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

सरांनी आयुष्यात छातीठोकपणे काहीच सांगितलेलं नाही. वर्गात हजेरी घेताना ते आधी स्वतः हजर असल्याची खात्री करून घेतात, असं त्यांचे विद्यार्थी म्हणायचे. (विद्यार्थी फुगवून सांगतात हे खरं. पण हे कानावर आलं तेव्हा सरांनी एकदा मनातल्या मनात तपासून पाहिलं होतं.)

सर म्हणजे विज्ञानाच्या इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. पदव्या इतक्या, की दारावरच्या पाटीत नावाला जागा उरली नाही. डॉक्टरेटचा विषय काय होता ते पुढे येईलच. आत्ताच सांगितला तर त्यांची उगाच अब्रू जाईल.

तर झालं असं, की सरांची बायको लेकीच्या बाळंतपणाला निघाली. बॅगेची चेन ओढता ओढता तिने हाक मारली.

"अहो, ऐकताय ना? घराची मला काळजी नाही. घर काही सुकत नाही. झाडाचं बघा."

"कुठल्या झाडाचं?"

"कुठल्या म्हणजे? अंजिराच्या! बाकीची झुडपं मेली तर दुसरी लावू. अंजीर नाही."

या अंजिराचं प्रकरण जुनं होतं. बायकोने कुठूनशी एक काडी आणून मागच्या अंगणात खोचली होती. काडीचं झाड झालं, झाडाला हाताच्या पंजाएवढी पानं आली, पण फळाचं नाव नाही. बायको दरवर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी. आणि या वर्षी पानांच्या बगलेत शर्टाच्या बटणाएवढी हिरवी अंजिरं धरली होती. ती रोज त्यांच्याकडे बघून यायची, हात न लावता.

"मी परत येईन तेव्हा पिकायला आलेली असतील," ती म्हणाली. "पहिलं फळ मला माझ्या हाताने तोडायचंय. तुमच्यावर सोडून चाललेय."

हे म्हणताना ती दारात जरा थबकली. थबकण्याला कारणं होती. सरांच्या ताब्यात याआधी एक मासा दिला होता, तो दोनदोनदा खाऊन गेला. एक निवडुंग दिला होता. निवडुंगाबद्दल घरात कुणी बोलत नाही. तरी ती "तुमच्यावर सोडून चाललेय" म्हणाली, आणि सरांचा ऊर भरून आला. संसाराला इतकी वर्षं झाली, पण एखादी जिवंत गोष्ट तिने पूर्ण विश्वासाने त्यांच्या हाती दिली ती पहिल्यांदाच. हे झाड जगवायचं. नुसतं जगवायचं नाही, फळांसकट तिच्या हवाली करायचं. सरांनी मनाशी पक्कं केलं (आणि पक्कं केलं ना, असं स्वतःलाच एकदा विचारून घेतलं).

दोनचार दिवसांतच घोळ सुरू झाला. सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसलं, की सरांना आठवायचं, आपण पाणी घातलं. पायाखाली ओलं गवत होतं. हातात झारी होती. अजून उजाडायचं होतं, आणि सगळं दुधात भिजवल्यासारखं दिसत होतं. अंजिराची पानं हलत नव्हती, पण ती ऐकत आहेत असं वाटत होतं. आणि भिंतीपलीकडे कुणाचं तरी पांढरं डोकं चंद्रासारखं उगवायचं आणि मावळायचं, उगवायचं आणि मावळायचं.

आता ही काय आठवण झाली? चंद्र असा उड्या मारतो का? म्हणजे स्वप्नच. म्हणजे पाणी घातलेलं नाही. सर झारी घेऊन लगबगीने मागे जायचे, तर बुंध्याशी माती ओली. पण ही आजची ओल की कालची? काल आपण खरोखर घातलं होतं की तेही स्वप्नातच? एकदा ते अर्धी झारी ओतून मधेच थांबले, कारण जास्त झालं तर मुळं कुजतात. मग उरलेली अर्धी घेऊन बराच वेळ तसेच उभे राहिले, कारण कमी पडलं तर?

"असं नाही चालायचं," सर झाडाला म्हणाले. "तुझा जीव माझ्या आठवणीवर ठेवणं बरोबर नाही. यंत्रणा पाहिजे."

पुढचं सगळं ज्यातून घडलं तो हा छोटासा निर्णय. एखाद्या साध्या माणसाने शेजारी सांगितलं असतं, तेवढं पाणी घाला हो. सरांनी ठिबक सिंचन करायचं ठरवलं.

दुकानातून नळीचं भेंडोळं आलं, ड्रिपर आले (ड्रिपर म्हणजे नळीला टोचायची बोंडाएवढी तोटी, तिच्यातून पाणी थेंब थेंब गळतं), गाळणी आली आणि नळाला लावायचं एक घड्याळ आलं, जे आपणहून पाणी सोडतं आणि आपणहून बंद करतं. सोबत फुकट एक माहितीपुस्तिका आली. दुकानदाराच्या मते ती वाचायची काही गरज नव्हती. सरांनी ती पेन्सिल घेऊन वाचली, समासात प्रश्नचिन्हं काढली आणि रात्री उशाशी ठेवली.

पुस्तिका चांगली होती हो. तिच्यात म्हटलं होतं, की झुडपाला एखादा ड्रिपर मुळाशी पुरतो. पण झाडाचं तसं नाही. झाडाची तहानलेली मुळं बुंध्याशी नसतात, ती लांब घेराच्या कडेला असतात. तेव्हा ड्रिपरचं कडं झाडाची सावली जिथे संपते तिथे टाकावं. आणि मग ठळक अक्षरांत: बुंध्यापासून दूर.

सरांना ही कल्पना फार आवडली. सावलीच्या कडेला पाणी! आधी त्यांनी मातीची परीक्षा केली. तांब्याभर पाणी ओतून ते उकिडवे बसले आणि ओल कशी सरकते ते पाहत राहिले. माती जड होती, पाणी खाली न जाता आडवं पसरत होतं, हळूहळू, पुरीसारखं फुगत. म्हणजे ड्रिपर जरा लांब लांब लावले तरी एकाची ओल दुसऱ्याच्या ओलीला जाऊन भिडेल. आलेखाच्या कागदावर त्यांनी अंगणाचा नकाशा काढला. गुलाबाच्या झुडपांची एक ओळ, तिला वेगळा कॉक, कारण झुडपांना थोडं आणि वारंवार लागतं. अंजिराला वेगळा कॉक, कारण झाडाला सावकाश आणि पोटभर लागतं. नकाशा इतका सुबक झाला, की तो पाहून सरांना डुलकी लागली.

डुलकी संपली तेव्हा उन्हं कलली होती. सर फक्कीचा डबा घेऊन अंगणात आले. समोर अंजिराची सावली पसरली होती, लांबच लांब, ऐसपैस, अंग सैल सोडून झोपलेल्या माणसासारखी. सरांनी तिच्या कडेकडेने फक्की ओढायला सुरुवात केली. पानांची बोटं हलायची, तशी रेघ हलायची. सर वाकून वाकून सावलीच्या मागे जात राहिले. गवत ओलांडलं, वाफा ओलांडला, आणि समोर हनुवटीएवढी भिंत आली. सावली भिंतीवर चढली होती आणि पलीकडे उतरली होती.

पलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाई राहायच्या. पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायच्या, म्हणून सर त्यांच्याशी ओठ मिटून बोलायचे.

"काय शोधताय, सर?" भिंतीपाशी येऊन त्यांनी विचारलं.

"सावली संपते कुठे, ते."

"माझ्याकडे संपते. त्या वाळक्या झुडपापाशी."

"तिथे थोडं पाणी सोडू का? रोज. म्हणजे, माझ्या झाडाला."

डॉक्टरीणबाईंनी एकदा झाडाकडे पाहिलं. झाड बरंच लांब होतं. "तुमच्या झाडाला पाणी माझ्या अंगणात?"

"मुळांना भिंत कळत नाही," सर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते तोंड उघडून हसले.

"वरची डावी दाढ," डॉक्टरीणबाई तत्काळ म्हणाल्या. "किडलीय. दाखवायला या. बाकी पाणी घाला, माझं काय जातंय? ते झुडूप तसंही मी उपटणारच होते."

सरांनी ओठ मिटले आणि काम पुरं केलं. नळी भिंतीवरून पलीकडे गेली. ड्रिपरचं सुरेख लांबट कडं तयार झालं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. एकच गोष्ट जराशी खटकली. बुंधा कड्याच्या आत नव्हता. खरं तर अख्खं झाडच कड्याच्या बाहेर होतं. सर थोडा वेळ विचारात पडले. मग त्यांना ठळक अक्षरं आठवली. दूर म्हटलं होतं, दूर झालं होतं.

त्यानंतरचे दिवस सरांच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. कलत्या उन्हात घड्याळ टक्क करायचं, नळी शहारायची, आणि एकेका ड्रिपरच्या टोकाला थेंब धरायचा. सर वेताच्या खुर्चीत बसून ते थेंब ऐकायचे. सावली बरोबर कड्यात येऊन पहुडलेली असायची, बेतून शिवलेल्या अंगरख्यात असावी तशी. मधेच सरांचा डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा पाणी बंद झालेलं असायचं, आणि काहीही लक्षात ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसायची.

पहाटेचं स्वप्न मात्र चालूच होतं. तेच ओलं गवत, तीच झारी, तोच भिंतीमागे उड्या मारणारा चंद्र. आता सरांना त्याची काळजी वाटत नव्हती, उलट ते त्याची वाट पाहायचे. पाणी घालायची आता गरज नव्हती, म्हणून स्वप्नात पाणी घालणं अगदी निवांत झालं होतं.

एक बारीक तक्रार होती. सकाळी मागच्या दाराशी त्यांच्या चपला ओल्या असायच्या. पायजम्याची टोकंही दमट. (वयानुसार जी शंका यावी ती सरांना आली, आणि ती त्यांनी कुणालाही सांगितली नाही.) पण चपला कशाने भिजतील? म्हणजे नळीलाच कुठेतरी गळती. सर जोड आवळत बसले.

आणि एक दिवस त्यांना मोठाच पुरावा सापडला. बुंध्याशी माती ओली होती! त्यांनी बोट खुपसून पाहिलं. चांगली ओली. जड माती, आडवं पसरणारं पाणी. म्हणजे कड्यापासून निघालेली ओल जमिनीखालून सरकत सरकत थेट बुंध्यापर्यंत पोचत होती. त्या आनंदात सरांनी दोन कप चहा घेतला. की एकच, आणि दुसरा घ्यायचं नुसतं ठरवलं, हे नक्की सांगता येत नाही.

बायकोचा फोन यायचा.

"झाड कसं आहे?"

"पाणी अगदी वेळेवर चालू आहे."

"मी पाण्याचं नाही विचारलं. झाड कसं आहे?"

"आता असं बघ, ठिबकचं तत्त्व काय असतं..."

"पानं हिरवी आहेत का?"

सरांनी खिडकीतून पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "हिरवी आहेत," ते म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "काही."

पानं पिवळी पडत होती. आधी खालची, मग मधली. वारा नसतानाही एखादं पान देठ सोडायचं आणि गिरक्या घेत खाली यायचं. खुर्चीतून ते फार सुंदर दिसायचं. सरांनी घड्याळ वाढवलं. आणखी पानं गळली. आणखी वाढवलं. तिकडे भिंतीपलीकडच्या वाळक्या झुडपाला पालवी फुटली, मग कळ्या आल्या, आणि एका सकाळी ते निळ्या फुलांनी असं डवरलं, की दवाखान्यात आलेले लोक गाल धरून बघत उभे राहायचे.

"सर, तुमच्या झाडाची मुळं माझ्या झुडपाला आली वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सर ओठ मिटून हसले आणि घरात येऊन मटकन बसले.

मग शेवटचा फोन आला. नात झाली होती, छान होती, आणि बायको उद्या निघत होती. "अंजिरं आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत," सर म्हणाले. ती होती, हेच नवल होतं. उघड्या फांद्यांवर ती तशीच धरून राहिली होती, दिवसेंदिवस फुगत, जांभळी होत.

त्या काळजीने सरांना पहाटे झोप लागली नाही, स्वप्नही पडलं नाही. सकाळची वेळ ते एरवी पुस्तकात घालवायचे, त्या दिवशी मात्र बेचैन होऊन मागच्या दाराशी आले. आणि पायरीवर थिजले. सावली कड्यात नव्हती! ती दुसऱ्याच अंगाला पडली होती, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जेमतेम उरलेल्या पानांची.

सरांच्या मनात आलेला पहिला विचार असा, की झाड हललं.

दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. तो आला तेव्हा सर पायरीवरच बसले. सावली फिरते. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे, आणि दुपारी, सूर्य डोक्यावर आला की झाडाखाली. पुस्तिकेला दुपारची सावली म्हणायची होती. सगळ्या जगाला हे ठाऊक असल्यामुळे तिने ते लिहिलं नव्हतं.

आता सरांच्या डॉक्टरेटचा विषय सांगायला हरकत नाही. "सावलीवरून वेळ ओळखण्याच्या प्राचीन पद्धती." ग्रंथ जाडजूड आहे. सावली फिरते, हे त्याच्या पहिल्याच पानावर पहिल्याच वाक्यात आहे.

भर दुपारी सर टोपी न घालता अंजिराखाली शिरले. सावली पायाशी गोळा होऊन बसली होती, लहानशी, गोल, शहाणी. तिच्या कडेने फक्की ओढायला काहीच वेळ लागला नाही. पण ड्रिपर हवे होते, आणि ते पलीकडे होते.

"काढून न्यायचं म्हणजे?" डॉक्टरीणबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "त्याला आता सवय लागलीय, सर. अशी मधेच सुटत नाही कुणाची."

"पण ते झाड माझ्या बायकोचं आहे हो. ती उद्या येतेय."

"आणि हे झुडूप माझं आहे."

"तुम्ही तर ते उपटणार होतात!"

"दाढही मी उपटणारच असते. वाचली की नाही उपटत."

शेवटी अर्धं कडं त्यांच्याकडे राहिलं आणि अर्ध्यात सरांनी आपलं गोल बसवलं. घामाने थबथबलेले सर त्या रात्री मेल्यासारखे झोपले.

बायको आली ती बॅग खाली न ठेवताच मागच्या अंगणात गेली. झाडाभोवती एक फेरी मारली. सर मागे उभे होते, हातात नकाशा घेऊन.

"अहो," ती म्हणाली, "याचे कपडे कुठे गेले?"

सरांनी सगळं सांगितलं. तत्त्व सांगितलं, मातीची परीक्षा सांगितली, सावलीचं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला आणि सावलीपाशी येऊन एकदम बसला. "तू विश्वासाने सोपवून गेलीस," ते म्हणाले, "आणि मी तुझ्या झाडाला सोडून त्याच्या सावलीला पाणी घातलं."

बायकोने नकाशा घेतला, बॅगेवर ठेवला. मग फांदी वाकवून एका अंजिराला हात लावला. ते मऊ होतं. देठाशी जरासा पीळ देऊन तिने ते तोडलं, दोन बोटांनी उकललं आणि अर्धं सरांच्या हातावर ठेवलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "पाण्याशिवाय इतकं गोड होत नाही. कुठून तरी मिळालंय त्याला."

सरांनी यावर बराच विचार केला, आणि वर्षं गेली तसं त्यांना उत्तर सापडत गेलं. झाडाला नवी पानं फुटली, दरवर्षी फळं येऊ लागली. ड्रिपरचं दुपारचं कडं सर दर मोसमाला थोडं थोडं बाहेर सरकवायचे, कारण झाड वाढतं तशी तहान लांब जाते. बायको आली तेव्हा ते कडं एकाच दिवसाचं होतं, हे ते सोयीने विसरले. आपल्या कड्यानेच झाड वाचलं, वेळेवर वाचलं, असं ते आधी चाचरत, मग कमी चाचरत सांगू लागले. वाचनालयात त्यांचं "घरगुती ठिबकची रचना" या विषयावर भाषणही झालं. नातीला मांडीवर घेऊन ते म्हणायचे, "हे झाड आहे ना, हे विज्ञानाने जगवलंय."

मग ती दाढ दुखायला लागली. वरची, डावी. इतकी वर्षं टाळलेल्या खुर्चीत सर अखेर जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा जबडा उघडला, आत कापूस कोंबला, एक नळी अडकवली आणि मशीन हाती घेऊन निवांत गप्पा सुरू केल्या.

"सर, एक विचारायचं राहूनच गेलंय. काकू लेकीकडे गेल्या होत्या ना, त्या वेळी तुम्ही पहाटे पहाटे यायचात, त्याचं. मी तेव्हा भिंतीपाशी दोरीवरच्या उड्या मारायचे, पांढरी टोपी घालून. तुम्ही रोज झारी घेऊन यायचात, डोळे असे अर्धे मिटलेले. बुंध्याशी पाणी घालायचात आणि परत जायचात. एकदा मी म्हटलं, सर, सुप्रभात. तर तोंडावर बोट ठेवून म्हणालात, हळू, जागं होईल ते."

"आँ?" सर म्हणाले. त्यांना यापेक्षा जास्त काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"रोज हो! काकू आल्या त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. त्या दिवशी मात्र चुकलात. मला वाटलं, एवढी नळ्यांची यंत्रणा आहे, तरी सर स्वतः येतात, म्हणजे काहीतरी वैज्ञानिक कारण असणार. नंतर कधी आला नाहीत, म्हणून विचारलं नाही. तोंड मोठं करा."

सरांनी तोंड मोठं केलं. छतावरच्या दिव्याकडे बघत ते ओल्या चपलांपर्यंत गेले, दमट पायजम्यापर्यंत गेले, आणि उगवत्या-मावळत्या चंद्रापर्यंत जाऊन परत आले. घरी येऊन, अर्धा गाल बधिर असताना, त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे त्या सगळ्या रचनेत," ती हसू दाबत म्हणाली, "झाडाला लागू पडलेला ड्रिपर एकच. तुम्ही."

सर सुखावले. आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट साक्षीदारासह सिद्ध झाली होती. तरी सवयीप्रमाणे त्यांनी कपाटातून पुस्तिका काढली, चष्मा पुसला आणि खातरजमा करून घेतली. झारीचीही जागा चुकलीच होती. पुस्तिकेत ठळक अक्षरांत अजूनही तेच होतं: बुंध्यापासून दूर.